गेलेले गुण परत आणायचे दिवस



बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की घर दोन दिवस सैल पडतं. लेक दुपारपर्यंत लोळतो, लेकीच्या मैत्रिणी येऊन बसतात आणि आपणही काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आपल्याच पोटात कालवायला लागतं, कारण सीईटी तोंडावर आलेली असते. मग माझे फोन सुरू होतात. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, आणि मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या बहुतेक फोनांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आता रोज किती तास बसवू?"

बसवू! जणू पोरगं म्हणजे देवघरातली मूर्ती. तासांचं नंतर बघू. आधी एका संध्याकाळी मुलाशेजारी बसून हा पेपर कसा असतो ते समजून घ्या. दोन वर्षं क्लासची फी भरलेल्या आईवडिलांनाही पुष्कळदा ते माहीत नसतं, आणि शेवटच्या आठवड्यांचं सगळं नियोजन त्या रचनेतूनच निघतं.

पीसीएम ग्रुपची एमएचटी-सीईटी २०० गुणांची आणि तीन तासांची. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, एकेका गुणाचे. नंतरच्या ९० मिनिटांत मॅथ्सचे ५० प्रश्न, दोन-दोन गुणांचे. पहिला भाग लवकर उरकला म्हणून उरलेली मिनिटं मॅथ्सच्या खात्यात जमा होत नाहीत, आणि मॅथ्स सुरू झाल्यावर मागे जाऊन फिजिक्सचा राहिलेला प्रश्न उघडता येत नाही. पीसीबीच्या मुलांना मॅथ्सऐवजी बायोलॉजीचे १०० प्रश्न असतात, प्रत्येकी एका गुणाचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर, बाकीचे बारावीवर. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. कॅल्क्युलेटर मिळत नाही. सगळं संगणकावर.

आता भागाकार करा. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, मॅथ्समध्ये १०८. बोर्डाच्या पेपरात चार गुणांचं गणित सुबक पायऱ्या मांडून, उत्तराभोवती चौकट काढून सोडवणाऱ्या मुलाला हे ५४ सेकंद पहिल्यांदा घड्याळ लावून बसल्यावरच कळतात. हुशार मुलंही इथे अडखळतात, कारण दोन वर्षं त्यांना नेमकी उलटी सवय लागलेली असते. एक उदाहरण देते. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये एक नेहमीचा प्रकार असतो: वर एक फंक्शन, खाली तेच फंक्शन अधिक त्याचं उलट बाजूने मोजलेलं रूप. गुणधर्म ठाऊक असेल तर उत्तर म्हणजे वरच्या आणि खालच्या मर्यादेतल्या फरकाच्या निम्मं, बास. बोर्डात तेच लिहायला अर्धं पान लागतं आणि त्या अर्ध्या पानाला गुण असतात. सीईटीत अर्ध्या पानाला गुण नाहीत. म्हणून बोर्डाला छान गुण पडतील अशी खात्री असलेल्या मुलाचा पहिल्या मॉकमधला आकडा बघून घाबरू नका. त्याला विषय येतो, हा पेपर यायचा आहे.

मॉक म्हटलं की आपण लगेच विचारतो, "किती पडले?" माझी विनंती आहे, हा प्रश्न पुढचे काही आठवडे बंद ठेवा. त्याऐवजी "गेले ते कुठे गेले?" असं विचारा, आणि तेही मुलानं पेपर तपासून झाल्यावर, जेवणाच्या ताटावर नव्हे. कारण गेलेले गुण सगळे एका जातीचे नसतात. काही प्रश्न मुळात येतच नव्हते. काही येत होते, पण चिन्ह चुकलं, एकक बदलायचं राहिलं, प्रश्नात "चूक विधान ओळखा" होतं आणि यानं बरोबर विधान शोधलं. काहींपर्यंत हात पोचलाच नाही. मुलं या सगळ्यांवर "सिली मिस्टेक झाल्या" असं एकच लेबल लावतात आणि वही मिटतात. तेवढ्यावर सोडू नका. प्रत्येक मॉकनंतर वहीत चुकलेला प्रश्न आणि चुकीचं कारण एका ओळीत लिहायला सांगा. पाच-सहा मॉक झाले की त्या वहीत तुमच्या मुलाचा चेहरा दिसतो. कुणाची प्रत्येक चूक उणे चिन्हावर येते, कुणाची त्रिकोणमितीच्या त्याच दोन सूत्रांवर, कुणी शेवटच्या पंधरा मिनिटांत घाई करून सोपे प्रश्न घालवतं.

हिशेब करून दाखवते, म्हणजे पटेल. समजा, मॅथ्समध्ये एखाद्या मुलीनं ५० पैकी ३० प्रश्न सोडवले. त्यातले २२ बरोबर, ८ चूक, उरलेले २० कोरे. मिळाले ४४. आता ८ चुकांपैकी ५ जर निष्काळजीपणाच्या असतील, तर त्या आवरल्या की १० गुण आले. कोरे २० प्रश्न तिनं नुसते डोळे मिटून टिक केले असते, तरी चार पर्यायांच्या हिशेबानं सरासरी ५ बरोबर यायला हवेत. आणखी १० गुण. म्हणजे नवा एकही धडा न उघडता ४४ चे ६४ होण्याची वाट त्याच पेपरात पडलेली आहे. अंदाजाचं नशीब दर वेळी सरासरीइतकं साथ देईल असं नाही, हे खरं. पण गुण कापले जात नसताना प्रश्न कोरा सोडणं म्हणजे उगाच हात आखडता घेणं आहे. जेईई मेन आणि नीट देणाऱ्या मुलांच्या हाताला कोरं सोडायची सवय लागलेली असते, कारण तिथे चुकीला गुण कापतात. त्यांना ही गोष्ट दोनदा सांगावी लागते. शेवटची तीन-चार मिनिटं राहिलेले पर्याय टिक करायला राखून ठेवायची, आणि हे मॉकमध्येही करायचं.

पुढचा मुद्दा अकरावीचा. पीसीएममध्ये फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे दहा-दहा आणि मॅथ्सचे दहा प्रश्न अकरावीचे धरले तर ४० गुण होतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, निम्मी मुलं वर्गात दिसत नाहीत, आणि बारावीत त्या पुस्तकाला हात लावायला वेळ नसतो. त्यामुळे एप्रिलमध्ये पोरगं म्हणतं, "अकरावी सोडून देतो." सोडू देऊ नका. पण सगळं अकरावीचं पुस्तक काढूनही बसू देऊ नका. सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात अकरावीचे मोजकेच धडे दिलेले असतात. मॅथ्समध्ये सरळरेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमपर्याय आणि निवड, कॉम्प्लेक्स नंबर्स, लिमिट्स असे. यातले सरळरेषा आणि वर्तुळ दोन-तीन दिवसांत हाताखाली येतात, कारण मुळं दहावीतली आहेत. लिमिट्स बारावीच्या डेरिव्हेटिव्हमुळे निम्मं येत असतंच. क्रमपर्यायांचं मात्र ज्याला आजवर जमलं नाही त्याला आता दहा दिवसांत जमेल असं मला वाटत नाही. तो धडा मी खुशाल सोडायला सांगते आणि ते दहा दिवस दुसरीकडे लावते. सोडणं हाही नियोजनाचा भाग आहे, फक्त ते ठरवून व्हावं, कंटाळा आला म्हणून होऊ नये.

केमिस्ट्रीबद्दल एवढंच सांगेन की बालभारतीचं पुस्तक ओळीओळीनं वाचलेल्या मुलाला कुठल्याही जाड गाइडवाल्यापेक्षा जास्त येतं. बरेचसे प्रश्न वाचल्याबरोबर उत्तर सुचावं असे असतात. म्हणून पहिल्या ९० मिनिटांत आधी केमिस्ट्री, मग फिजिक्स, असा क्रम मी सुचवते. केमिस्ट्री ३५ मिनिटांत उरकली तर फिजिक्सला एका प्रश्नामागे एक मिनिटाहून जास्त मिळतं. काहींना उलटा क्रम सोयीचा जातो. मॉकमध्ये दोन्ही करून बघावं आणि एक पक्का करावा. परीक्षेच्या दिवशी नवे प्रयोग नकोत.

आता क्रॅश कोर्स. याबद्दल माझं मत कडवट आहे, ते आधीच सांगून ठेवते. बोर्डानंतर पेपरातून चिठ्ठ्या पडतात, बसस्टँडवर बोर्ड लागतात, आणि शेजारच्यांनी घातलं म्हणून आपणही घालतो. रोज सहा तास कुणीतरी फळ्यावर भराभर सोडवतंय आणि पोरगं उतरवून घेतंय. घरी यायला संध्याकाळ. मग स्वतः कधी सोडवायचं? दोन वर्षं ऐकून झालंय, आता हात चालायची वेळ आहे. ज्याचा खरोखरच एखादा विषय बुडालेला आहे त्यानं त्या विषयापुरता क्लास जरूर लावावा. बाकीच्यांना चांगली टेस्ट सिरीज आणि शंका विचारायला एक माणूस पुरतो. तो माणूस कॉलेजातले सर असू शकतात, इंजिनिअरिंगला गेलेली चुलतबहीण असू शकते.

नुसतं वाचणं आणि स्वतः आठवून सोडवणं यात किती फरक पडतो, यावर २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं, तेही तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१. यातली मेख पालकांच्या लक्षात यावी म्हणून सांगते. पुस्तक उघडं ठेवून, पिवळ्या पेननं रेघा मारत बसलेलं मूल आपल्याला अभ्यास करताना दिसतं, आणि त्याला स्वतःलाही सगळं येतंय असं वाटतं. कोऱ्या कागदावर सूत्रं आठवत, खाडाखोड करत, मध्येच छताकडे बघत बसलेलं मूल आपल्याला भरकटलेलं वाटतं. त्या दुसऱ्याला टोकू नका.

मग दिवस कसा लावायचा? ठोकळ वेळापत्रक देण्यापेक्षा क्रम सांगते. दर तीन-चार दिवसांनी एक पूर्ण मॉक, तीन तास सलग, मध्ये पाणी पिण्यापुरतंही उठायचं नाही. परीक्षा शिफ्टमध्ये असते, सकाळी किंवा दुपारी. हॉल तिकिटावर शिफ्ट कळली की पुढचे मॉक त्याच वेळेला. सकाळच्या शिफ्टला केंद्रावर खूप लवकर पोचावं लागतं. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या घुबडांनी आठवडाभर आधी झोपेची वेळ मागे आणायला हवी, आदल्या रात्री ते जमत नाही. दुपारची शिफ्ट असेल तर जेवून तीन तास जागं राहायची सवय लागते. एप्रिलमधल्या आपल्या दुपारी काही साध्या नसतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना हे मी काय सांगावं. मॉकनंतरचा अर्धा दिवस वहीसाठी: चुका, कारणं, तेच प्रश्न पुन्हा. त्यापुढचे दोन-तीन दिवस वहीनं दाखवलेल्या धड्यांवर. आणि सराव करताना एकाच धड्याचे पन्नास प्रश्न एका दमात नकोत. वेगवेगळ्या धड्यांचे मिसळून घ्यावेत, कारण खऱ्या पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. कुठली पद्धत लावायची हे ओळखण्यातच निम्मा वेळ जातो.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी एवढं करावं. मोबाइलवर दिलेला मॉक आणि संगणकासमोर बसून, बाजूला कच्चा कागद घेऊन दिलेला मॉक, यात फरक पडतो. मान वर, हात खाली, पडद्यावरची आकृती कागदावर उतरवायची, माऊसनं पर्याय निवडायचा, पुन्हा कागद. निदान दोन-तीन मॉक कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीतर गावातल्या नेट कॅफेत द्यायला लावा. शिवाय मॅथ्सचे प्रश्न इंग्रजीतच येतात. मराठीतून शिकलेल्या मुलांना गणित येत असतं, पण "ॲट लीस्ट वन", "नॉन-झिरो", "डिस्टिंक्ट" अशा शब्दांवरून नजर घसरते आणि उत्तर चुकतं. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले तरी काम होतं.

शेवटचे चार दिवस नवं काही नाही. सूत्रं, चुकांची वही, रोज थोडेसे प्रश्न, हात गरम राहण्यापुरते. मोठा मॉक परीक्षेच्या आदल्या दिवशी अजिबात नको. कमी पडले तर ते मूल रात्रभर झोपणार नाही, आणि झोप कापून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी हाताशी येत नाही.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि त्यावरून घराघरांत फार गोंधळ असतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे आपल्या शिफ्टमधल्या दर शंभर मुलांपैकी नव्वदांचे गुण याच्याइतके किंवा याच्याहून कमी. शिफ्ट बदलली की पेपर बदलतो, म्हणून सकाळच्या पेपरात कुणाला किती पडतील आणि दुपारच्याला किती, याची घरी बसून तुलना करण्यात अर्थ नाही. दुसरं असं की पीसीएमला लाखांनी मुलं बसतात. एक लाख मुलांत एक पर्सेंटाइल म्हणजे हजार मुलं. वरच्या टोकाला, जिथे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा सांगलीचं वालचंद यांच्यासाठी रस्सीखेच असते, तिथे चिन्ह चुकून गेलेले दोन गुणसुद्धा शेकडो मुलांना पुढे घालवतात. म्हणून चुकांच्या वहीवर मी एवढी अडून बसते. २०२६ पासून सीईटीची दुसरी संधी देण्याचं राज्य सरकारनं जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण "पहिली सहज देऊन बघ" असं मुलाला म्हणू नका. सहज दिलेल्या परीक्षेनं मन खचतं तेवढंच.

राहिलं आपलं काम. या दिवसांत मुलांचा अभ्यास आपण करू शकत नाही, पण त्यांचा वेळ कुठे गळतो ते आपल्या हातात असतं. लग्नसराई असते. मावशीच्या मुलीचं लग्न असलं तरी हळद, सीमांतपूजन आणि लग्न असे तिन्ही दिवस न्यायची गरज नाही. जेवायला नेऊन आणा. "तयारी कशी चाललीय?" म्हणून फोन करणाऱ्या काकांचा फोन तुम्हीच घ्या. सकाळी चहाबरोबर काल किती झालं आणि आज किती होणार ही उजळणी नको. मूल मोबाइलवर दिसलं की भडकण्याआधी एवढं लक्षात घ्या की टेस्ट सिरीजही त्याच मोबाइलवर असते. खरोखरच रील्स बघत असेल तर रात्री फोन तुमच्या उशाशी, असा सरळ करार करा आणि तुमचाही तिथेच ठेवा.

आणि कागदपत्रं. हे पूर्णपणे आपलं खातं आहे, तरी दर वर्षी जूनमध्ये पोरगं हॉलमध्ये रांगेत आणि बाप तहसीलच्या पायऱ्यांवर, असं चित्र दिसतं. प्रवेशाच्या कॅप राउंडला अर्ज भरायची वेळ येते तेव्हा डोमिसाइल हवं. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. ईडब्ल्यूएस असेल तर त्याचं प्रमाणपत्र, ट्यूशन फी वेव्हरच्या जागेसाठी उत्पन्नाचा दाखला. व्हॅलिडिटीला किती महिने लागतील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ९५ पर्सेंटाइल मिळवून व्हॅलिडिटीअभावी खुल्या जागेवर जावं लागलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे चुकांची वही काही कामाची नव्हती. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एकदा शेजारी ठेवून बघा. वडिलांच्या नावातलं एक अक्षर इकडेतिकडे असेल तर आत्ताच सेतू केंद्रात जा.

परीक्षेच्या आठवड्यात केंद्र एकदा बघून या. बहुतेक केंद्रं गावाबाहेरच्या कॉलेजांत असतात आणि सकाळी तिकडे एसटी मिळेलच असं नाही. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली. गेटवर सोडताना नवं काही सांगू नका, पर्याय टिक करायला शेवटची मिनिटं राखून ठेवायचंही नाही. ते मॉकमध्येच झालेलं असतं.

बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे ते स्वतः सांगेल, नाहीतर नाही सांगणार. गाडीत इतर मुलांच्या उत्तरांशी ताळा लावत बसू देऊ नका. घरी नेऊन जेवू घाला आणि झोपू द्या. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, ज्या दाखल्याची पोच अजून आलेली नाही त्याची चौकशी करून या.